डोळ्यांतली हळद

उज्वलाने गोळ्यांची बाटली टेबलावर ठेवली. डॉ. सौदामिनी यांनी झाकण उघडून पाहिलं, बाटली पिशवीत घातली आणि पिशवीचं तोंड चिकटवलं.

"घरी आणखी आहेत?"

"न्हाई मॅडम. एवढीच होती."

लातूरच्या त्या केंद्रात एचआयव्ही असलेल्यांवर एका नव्या लशीची चाचणी चालू होती. ही लस रोग टाळण्यासाठी नव्हती. ज्यांना तो झालेलाच आहे, त्यांच्या शरीराला विषाणू दाबून ठेवायला शिकवण्यासाठी होती. उज्वलाची सगळी इंजेक्शनं झाली होती. शरीर शिकलं की नाही, हे कळायला एकच मार्ग होता. रोजची गोळी थांबवायची आणि रक्तात विषाणू परत येतो का, ते बघत राहायचं.

"आला की त्याच दिवशी गोळी सुरू," डॉक्टर म्हणाल्या. "घाबरायचं नाही."

तिचा नवरा भागवत बाहेर बाकावर बसला होता. आत येणार नाही, असं त्याने औशाहून निघतानाच सांगितलं होतं.

"चांगला चालता मिक्सर कोणी खोलून बघतंय का?" परतीच्या बसमध्ये तो म्हणाला.

औशाच्या बसस्थानकासमोर त्याचं मिक्सर दुरुस्तीचं दुकान होतं. जगातली प्रत्येक गोष्ट त्याला मिक्सरवरूनच कळायची.

"तुमच्यासाठीच करायलेय मी," उज्वला म्हणाली.

ते खरं होतं. आजार दोघांनाही होता. पण भागवतला पहिल्या गोळ्या लागू पडेनाशा झाल्या होत्या. त्याचा दवाखाना वेगळा होता, आणि तिथून आता दुसऱ्या टप्प्यातल्या गोळ्या मिळत होत्या. त्याही हरल्या तर पुढे काय, हे उज्वलाला कोणी नीट सांगत नव्हतं. लस खरी ठरली तर त्याला वाट मिळेल, एवढंच तिला दिसत होतं.

त्या नव्या गोळ्यांनी त्याचे डोळे पिवळसर झाले होते. काहींना तसं होतं, अपाय नसतो, असं दवाखान्यात सांगितलं होतं. दुकानात बायका विचारायच्या तेव्हा तो म्हणायचा, "लग्नातली हळद हाय, मावशी. अजून उतरली न्हाई."

घरी आल्यावर तो भांडला नाही. त्याने शेंगदाणे भाजले, गूळ फोडला, दोन्ही मिक्सरमध्ये फिरवलं आणि एक लाडू वळून तिच्या हातावर ठेवला.

"दर खेपेला रक्त काढून घ्यायलेत. भर नको का?"

तेव्हापासून रोज जेवणानंतर लाडू येऊ लागला. तिचा शेवटचा घास उतरेपर्यंत तो समोर बसून राहायचा.

"कडू लागतंय वो."

"दाणे खवट निघाले. गीळ."

"तुमीबी घ्या की."

"मला गोड न्हाई पचत आता."

लातूरला जायचं असलं की लाडू स्टीलच्या डब्यात बरोबर यायचा.

केंद्रातल्या बाकावर सुरुवातीला दाटी असायची. मग एकेक जण कमी होऊ लागला. निलंग्याची नागम्मा डोळे पुसत बाहेर आली. तिच्या हातात गोळ्यांची बाटली होती.

"माझा परत आला गं, उज्वला. तुझा?"

"न्हाई अजून."

"तुझा येऊ नये. कोणाचा तरी येऊ नये."

पावसाळा सरला, थंडी पडली. उज्वलाचं रक्त प्रत्येक वेळी स्वच्छ निघालं. डॉ. सौदामिनी मोजकं बोलणाऱ्या बाई. एकदा मात्र त्यांनी तिच्या खांद्यावर हात ठेवला.

"एवढ्यात कुणाला सांगू नका. पण तुमच्यामुळे माझी झोप उडाली आहे."

उज्वलाने ते घरी येऊन सांगितलं. भागवतने लाडू तिच्यापुढे सरकवला.

"बरं झालं," तो म्हणाला. "लाडू खा."

तो वाळत चालला होता. सदरा खांद्यावरून लोंबायचा. तोंडात पांढरे चट्टे आले होते, भाकरी दुधात कुस्करूनही जात नव्हती. खोकला जडला होता.

"गोळ्या घेताव ना?"

त्याने रिकामी बाटली पालथी करून दाखवली. "महिना भरला की संपते. आणखी काय पाहिजे?"

एक गोष्ट तेवढी सुधारली होती. सकाळच्या उन्हात तो उंबऱ्यावर बसला असताना तिला दिसलं. "अवो, हळद उतरली तुमची."

"अंगाला सवय झाली," तो म्हणाला आणि तोंड फिरवलं. तिने देवापुढे साखर ठेवली.

त्याच आठवड्यात तो बाजारातून काजळाची डबी घेऊन आला. लग्नानंतर त्याने अशी वस्तू कधी आणली नव्हती. जागरणाने आपले डोळे गढूळ दिसतात, हे तिलाही जाणवलं होतं. ती रोज काजळ घालू लागली.

पुढच्या खेपेला डॉ. सौदामिनींनी दार लावून घेतलं. त्यांचा चेहरा उतरला होता.

"उज्वलाताई, खरं सांगा. गोळी घेताय?"

"न्हाई मॅडम. गोळ्या तर तुमीच ठिवून घेतल्या."

"तुमच्या रक्तात औषध सापडलंय. विषाणू त्याने दबलाय. लशीने नाही."

उज्वलाला आधी शेवटचं वाक्य कळलं. लस नाही. म्हणजे त्याला वाट नाही. तिने खुर्चीची कड घट्ट धरली.

"मी घेतली न्हाई. आईची आण."

"तुमचं जुनं औषध नाहीच ते." डॉक्टर उठल्या. त्यांनी तिला खिडकीपाशी नेलं, कापसाने काजळ पुसलं आणि पापणी अंगठ्याने वर केली. "हे दुसऱ्या टप्प्यातलं आहे. डोळे पिवळे करतं. बघा, झालेत."

उज्वलाने दाराच्या काचेतून बाहेर पाहिलं. बाकावर आता एकटा भागवत उरला होता. खोकल्याची उबळ ओसरली तसा त्याने मांडीवरचा डबा सावरला आणि मान वर केली. त्याचे डोळे पांढरेशुभ्र होते.