गाडीचा गेलेला झटका

"काकू, लोक झटका घालवायला माझ्याकडे येतात. तुम्ही तो गेला म्हणून आलात?" रफीक मेकॅनिकला हसू आलं.

मंदाकिनीबाई हसल्या नाहीत. दर रविवारी मेलबर्नला बसून त्यांचा मुलगा हेमंत त्यांची गाडी चालवायचा. तिथे त्याने पेडल दाबलं की इथे चिपळूणला आईची गाडी पुढे सरकायची. देवळाचा चढ आला की तो आधी दोनदा पेडल दाबून बघायचा, अगदी वडिलांसारखा, आणि गाडीला झटका बसायचा. महिनाभर तो झटका बसला नव्हता.

रफीकने तिकडच्या पेडलची नोंद पडद्यावर घेतली. पेडलचा दाब मोजणाऱ्या दोन्ही सेन्सरच्या रेषा सरळ, एकसारख्या चढत गेल्या.

"गाडीत दोष नाही," तो हळूच म्हणाला. "पण माणसाचा पाय थोडा तरी थरथरतो, काकू. हा माणसाचा पाय नाही. हेमंतने तिकडे स्वतःच्या जागी पेडल दाबायला यंत्र बसवलंय."

मंदाकिनीबाईंनी पडद्यावरच्या एका सरळ रेषेवर बोट ठेवलं.

"इथल्या गाडीतला एखादा सेन्सर सैल करून ठेव, बाबा."

"अहो, गाडी चढावर रखडेल!"

"रखडू दे. काय झालं म्हणून विचारायला तरी तो फोन करेल."