चारच्या आत

“सत्तेचाळीस नंबर आला का?” टाइमकीपरने विचारलं आणि लगेच जीभ चावली.

“अहो, वही तुमच्यापुढे, पेन तुमच्या हातात, आणि विचारता मला?” मदतीला शेजारी बसलेला केमिस्ट केळं सोलता सोलता हसला. “सकाळपासून तिसऱ्यांदा!”

टाइमकीपर उगाच वहीत डोकं घालून बसला. दोनशे किलोमीटरची सायकल राइड, आणि घाटमाथ्यावरचा हा तिचा शेवटचा थांबा. एक टेबल, एक बाकडं, पाण्याचं पिंप, चहाचा थर्मास. सायकलवाला आला की त्याच्या कार्डावर वेळ लिहायची, शिक्का मारायचा आणि दोन मिनिटांत त्याला पुढे पिटाळायचं. चारला थांबा बंद. नंतर येणाऱ्याची राइड तिथंच संपली. पाचच्या सुमाराला टेम्पो यायचा, त्यात सायकल टाकायची आणि गपगुमान घरी जायचं.

तीस वर्षं बस डेपोत गाड्यांच्या वेळा लिहिलेला माणूस तो. निवृत्त झाला तरी सगळे टाइमकीपरच म्हणायचे. चिडली की बायकोसुद्धा. या टेबलावर त्याने कुणाला एक मिनिट सोडलं नव्हतं. स्वतःच्या मुलीलाही नाही.

तीन वर्षांपूर्वी ती याच टेबलाशी येऊन थांबली होती. चार वाजून एक मिनिट. गुडघा फुटलेला, मोज्यापर्यंत रक्त आलेलं. “बाबा, एकच मिनिट झालंय हो.” “नियम म्हणजे नियम,” असं म्हणून याने चारचौघांत तिच्या कार्डावर लाल फुली मारली. ती तेव्हा जी गप्प झाली ती झालीच. महिन्याभरात तिने दुसऱ्या शहरात नोकरी धरली. फोन यायचा, पण आईला. स्वयंपाकघरात तो फोन चालू असला की हा गृहस्थ बाहेर टीव्हीचा आवाज बारीक करून बसायचा. आता एवढ्याशा फुलीसाठी कुणी बापाशी बोलणं टाकतं का? पण ती फुली एवढीशी नव्हती, हे त्यालाही कळत होतं. पोरीला लहानपणापासून त्याने घड्याळावरच वाढवलं होतं.

आणि परवा यादीत सत्तेचाळीस नंबरापुढे तिचं नाव दिसलं. बायकोला विचारलं तर ती म्हणाली, “मला काय विचारता? तिला विचारा की.” विचारायला तोंड असतं, तर एव्हाना विचारलं नसतं?

साडेतीनपर्यंत साठ जण येऊन गेले. प्रत्येक हेल्मेट वळणावर दिसलं की टाइमकीपर अर्धा उठायचा, आणि दुसऱ्याच कुणाचा चेहरा पाहून परत बसायचा. चारला दहा कमी असताना दोन बँकवाले धापा टाकत पोचले. शिक्का मारता मारता त्याने विचारलं, जमेल तितक्या कोरड्या आवाजात.

“सत्तेचाळीस? ती कधीच पुढे गेली की!” त्यांतला जाडा म्हणाला. “पायथ्यालाच टाकलं तिनं आम्हाला. पोचली नाही अजून?”

टाइमकीपर उठून उभा राहिला. घाटात रस्ता एकच. पुढे गेली तर गेली कुठे? पडली असेल. कुठल्या तरी वळणावर पडली असेल, आणि हे दोघे माना खाली घालून तिच्या शेजारून वर आले असतील. फोन करावा तर तिचा नवा नंबर त्याच्याकडे नव्हता.

“बसा हो, येईल,” केमिस्ट म्हणाला. आता तोही हसत नव्हता.

चार वाजले. केमिस्टने पिंपाचं झाकण लावलं. शिक्का डब्यात टाकायचा तर टाइमकीपर तो मुठीत धरून रस्त्याच्या मधोमध उभा राहिला. नुसती दिसू दे एकदा, तो मनाशी म्हणाला, मिनिटांचं काय ते मी बघून घेतो.

चार वाजून तीन मिनिटांनी ती दिसली. सावकाश येत होती. कुठं लागलेलं नव्हतं, साधं खरचटलेलंही नव्हतं. सायकल टेबलाला टेकवून तिने खिशातून कार्ड काढलं.

“आण, आण लवकर!” टाइमकीपर पळतच टेबलामागे गेला. “तीन छप्पन्न लिहितो. माझं घड्याळ जरा पुढेच असतं.”

केमिस्ट आ वासून बघत राहिला.

तिने कार्डावर हात ठेवला. “नको, बाबा.”

झालं! तीन वर्षांनी शब्द आला, तोही ‘नको’. टाइमकीपर मटकन बाकड्यावर बसला.

“चुकलं गं माझं तेव्हा,” तो म्हणाला. केमिस्टसमोर डोळे पुसायचीही त्याला लाज वाटली नाही. “फार चुकलं. आज तरी घे शिक्का. तीन मिनिटांनी काही बिघडत नाही.”

“पावणेचारलाच आले होते मी. खालच्या वळणावर झाडामागे बसून राहिले.”

“अगं, पण का?”

“वेळेत आले असते, तर शिक्का मारून दोन मिनिटांत पुढे पाठवलं असतंत तुम्ही,” ती म्हणाली आणि तिने हेल्मेट काढलं. “सरका जरा. टेम्पो यायला तासभर आहे.”