ब्रोन्याची चिठ्ठी

रविवार, ३ मार्च १९९६. सकाळी अकरा वाजून दहा मिनिटांनी स्तेफानिया काझिमिरोव्नाच्या स्वयंपाकघरात चौदा स्त्रिया बसल्या होत्या आणि टेबलावरच्या वाडग्यात चौदा चिठ्ठ्या जमा झाल्या होत्या. पंधरावी चिठ्ठी तिमोफेय लुकिचच्या कोटाच्या आतल्या खिशात होती. तो दारात उभा राहून नमद्याच्या बुटांवरचे बर्फ झाडत होता. बर्फ केव्हाच संपले होते.

पंधराजणींच्या या गटाला गुलाब म्हणत. रोझरी या जपमाळेची रहस्ये, म्हणजे मारिया आणि तिच्या पुत्राच्या जीवनातले प्रसंग, पंधरा; माणसे पंधरा. महिन्याच्या पहिल्या रविवारी जुनी चिठ्ठी वाडग्यात टाकायची, नवी उचलायची आणि तिच्यावरचे रहस्य महिनाभर रोज म्हणायचे: एकदा ‘हे आमच्या पित्या’, दहा वेळा ‘नमो मारिया’. पंधरा घरांत मिळून दिवसाची माळ पूर्ण होई. १९३६ साली सरकारने या कॅथलिक कुटुंबांना हद्दपार करून मालगाडीतून आणून या उघड्या माळरानावर उतरवले, तेव्हा इथे चर्च नव्हते आणि फादरही नव्हते. माळ मात्र तेव्हापासून चालू होती. एकीचे रहस्य राहिले की त्या दिवशी सगळ्यांचीच माळ तुटली, असे मानीत.

तिमोफेय या गटातला नव्हता. धान्यकोठाराच्या बॉयलरवर त्याची छत्तीस वर्षे गेली होती. त्याचा बाप्तिस्माही झालेला नव्हता. गटात होती ती त्याची बायको ब्रोन्या. तीन आठवड्यांपूर्वी ती वारली. त्याआधी चार वर्षे ती अर्धांगवायूने पडून होती, आणि वाचा तर पहिल्याच दिवशी गेली होती. तरीही शेजारीण लुद्विका दर महिन्याला तिच्या वाटची चिठ्ठी उचलून आणी आणि तिच्या उशाशी ठेवी. आजारपणामुळे कोणाची जागा काढून घेण्याची रीत नव्हती. मृत्यूनंतर मात्र चिठ्ठी परत करावी लागे.

तिमोफेयने चिठ्ठी टेबलावर ठेवली. स्तेफानियाने त्याला बसवले, चहा दिला आणि ब्रोन्याच्या जागी आपली सून येणार असल्याचे सांगितले. त्याने मान हलवली. चिठ्ठीवरचा हात मात्र उचलला नाही. चिठ्ठी गेली की संध्याकाळी सातनंतर त्याला कुठलेच काम उरणार नव्हते, आणि घरात बोलायलाही कोणी नव्हते. ही चिठ्ठी आणखी काही दिवस ठेवून घेता येईल का, असे त्याने विचारले.

स्तेफानियाने शांतपणे समजावले की कागदाला काही अर्थ नसतो. रहस्य म्हणावे लागते. नुसती खणात पडलेली चिठ्ठी म्हणजे माळेतला खंड.

“मी म्हणतो ते,” तिमोफेय म्हणाला. “रोज सात वाजता. चार वर्षं झाली.”

मग त्याने टेबलाकडे पाहत सगळे सांगितले. दुसऱ्या महिन्यापासून ब्रोन्या चिठ्ठीकडे बघे आणि तो सुरुवात करेपर्यंत पलंगाच्या लोखंडी दांडीवर चमचा वाजवीत राही. शब्द इतकी वर्षे तिच्याच तोंडून ऐकलेले; चुकला की एक ठोका. अशा ठोक्यांनीच त्याला ती प्रार्थना पाठ झाली. सुरुवातीला तो ती म्हणे ते चमचा थांबावा म्हणून. पुढे ती म्हटल्याशिवाय दिवस बंद केल्यासारखे वाटेनासे झाले. आता चमचा वाजत नव्हता. तो तरीही म्हणत होता.

स्त्रिया एकमेकींकडे पाहू लागल्या. स्तेफानियाने चष्मा काढला. बाप्तिस्मा न झालेल्या माणसाचे रहस्य माळेत धरायचे की नाही, हा प्रश्न साठ वर्षांत आला नव्हता. फादरना विचारावे लागेल, असे ती म्हणाली. उत्तर येईपर्यंत ती जागा सुनेकडे राहील.

तिमोफेयने चिठ्ठीवरचा हात काढून घेतला आणि टोपी शोधू लागला.

“फादरना काय विचारता?” चुलीजवळून लुद्विका म्हणाली. “याची न् माझी भिंत एक. चार वर्षं ऐकतेय मी. नमो मारिया म्हणतो की बॉयलरचा दाब वाचून दाखवतो, ते कळत नाही. पण दहाचे नऊ कधी केले नाहीत यानं. म्हणून तर ब्रोन्याच्या वाटचं मी कधी म्हटलं नाही.”

इतक्या दिवसांत बोलली का नाहीस, असे स्तेफानियाने विचारले. बोलले असते तर तेव्हाच फादरकडे धावला असतात, असे लुद्विकाने सुनावले. मग तिने सगळ्यांकडे एकदा नजर फिरवली आणि तुम्ही कोणी म्हणत होतात की काय, असे विचारले.

खिडकीजवळची बाई मांडीवरच्या हातांकडे पाहत राहिली. आपले रहस्य झाले की आपण ब्रोन्याचेही म्हणतो, असे तिने कबूल केले. माळ तुटू नये म्हणून. सांगितले नाही, कारण आपली जागा गेली असे ब्रोन्याला वाटले असते. शेजारची म्हणाली, मीही. मग तिच्या पलीकडची. कबुली टेबलाभोवती फिरत गेली. सर्वांत शेवटी, तेरावी म्हणून, स्तेफानियाने हात वर केला.

तिने चष्मा परत लावला आणि गटाच्या वहीत लिहिलेले सुनेचे नाव खोडले. ईस्टर पाच आठवड्यांवर होता. त्या दिवशी शहरातून फादर येणार होते, तेव्हा बाप्तिस्मा घ्याल ना, असे तिने विचारले. तिमोफेयने होकार दिला.

“मग टोपी ठेवा खाली, तिमोफेय लुकिच. जुनी चिठ्ठी वाडग्यात टाका आणि नवी उचला. सगळ्या खोळंबल्यात.”

त्याने नवी चिठ्ठी उचलली आणि दोनदा वाचली. दरम्यान स्तेफानियाने त्याच वहीत ब्रोन्याच्या नावापुढे गेल्या चार वर्षांची नोंद केली: रहस्य म्हणायचे, रोज एकदा. म्हटले गेले, रोज चौदा वेळा.