घरची लाईट

बिरुदेव वायरमननं रबरी हातमोजे काढून गोदावरीकाकूंच्या कट्ट्यावर ठेवले आणि तांब्या वरूनच तोंडात ओतला. मे महिन्यातलं सोलापूर. अकरालाच कट्ट्यावर बसवत नव्हतं. समोरच्या खांबावरची तार सैल झाली होती आणि ती ओढून घ्यायला त्यानं गल्लीची लाईट बंद केली होती.

काकूंनी हातमोज्यांकडं बोट दाखवलं.

"आत घामानं हात सुळसुळतोय काकू, पक्कड धरवत न्हाय," तो म्हणाला. "डीपीवरनं फ्यूज काढून आलोय मी. मेल्याली तार हाय ती."

हसत हसत तो शिडी खांद्यावर टाकून गेला. काकूंना हा माणूस आवडायचा. कधीही हाक मारा, खांबाच्या टोकावरूनसुद्धा 'जी काकू' म्हणून उत्तर यायचंच.

आत काकूंचे यजमान नारायणराव वाटच बघत होते. गच्चीवर सोलर बसल्यापासून ते रोज लाईट जायची वाट बघायचे. असा माणूस अख्ख्या सोलापुरात दुसरा नसावा. सोलर बसवणाऱ्या पोरांनी त्यांना सांगितलं होतं, की बाहेरची लाईट गेली की हेही आपोआप बंद पडणार, खांबावर माणूस असतो म्हणून तशी सोयच केलेली असते. नारायणरावांना ते काही पटेना. वर ऊन रटरटतंय आणि खाली आपण पुठ्ठ्यानं वारा घ्यायचा? त्यांनी मागच्या बोळातल्या, लाईटची कामं करणाऱ्या संगप्पाला बोलावून घरातला जुना इन्व्हर्टर सोलरला जोडून घेतला. आता लाईट गेली तरी सोलर चालणार होतं. संगप्पानं चहा पिता पिता एकच गोष्ट बजावली होती. इन्व्हर्टरचं बटण दाबायच्या आधी मेन स्विच खाली ओढायचा, नाहीतर घरची लाईट बाहेरच्या तारेत जाते. काकू कपबशा उचलत होत्या, त्यांनी ते ऐकलं. नारायणरावांनी मान डोलावली. हेडमास्तर असल्यापासून त्यांना मान डोलवायची सवय होती, ऐकायची नव्हती.

बाहेर शिडी खांबाला टेकल्याचा आवाज आला.

"बघ आता," नारायणराव म्हणाले आणि त्यांनी बटण दाबलं.

पंखा फिरला. फ्रीज घुरघुरायला लागला. काकूंना इतकं बरं वाटलं, की त्या पदरानं मान पुसत पंख्याखालीच उभ्या राहिल्या. गल्ली उकडून निघतेय आणि आपल्याकडं बघ, असं काहीतरी नारायणराव म्हणत होते. लग्नात मिरवले नसतील एवढे ते आज मिरवत होते. काकूही हसल्या.

तेवढ्यात समोरच्या घरातून नागव्वाचा आवाज आला.

"वैनी, आली की ओ लाईट. कूलर लागला आमचा."

काकू 'हो' म्हणणार होत्या. नागव्वाच्या घरावर सोलर नव्हतं. बिरुदेव आत्ता कुठं वर चढला होता. काकूंनी भिंतीकडं बघितलं. मेन स्विचचा दांडा वरच होता.

त्यांनी धावत जाऊन तो खाली ओढला. समोरचा कूलर घरघरत थांबला.

"काय केलंस हे?" नारायणराव चिडले. चाललेल्या गोष्टीत हात कशाला घालायचा, तिला कळत नाही का, वगैरे.

"बिरुदेव," काकूंनी हाक मारली. वरून 'जी काकू' आलं नाही. मग त्यांनी मोठ्यानं हाक मारली.

नारायणरावांचं बोलणं मध्येच थांबलं. त्यांनी दांड्याकडं बघितलं, मग काकूंकडं.

दारातून कट्टा दिसत होता. कट्ट्यावर तांब्या होता, शेजारी हातमोजे. आणखी दोन पावलं पुढं गेलं असतं तर खांबही दिसला असता. काकू स्विचचा दांडा धरूनच उभ्या राहिल्या.

"वैनी," समोरून नागव्वा पुन्हा म्हणाली, "परत गेली की लाईट. जरा बिरुदेवाला इचारा की, कवा येतीया."