मावशीचा फॉर्म

"मावशी, यात चूकच नाही हो," दीक्षा रडकुंडीला आली होती.

सॉफ्टवेअर तपासायला शिकवणाऱ्या त्या क्लासात मी झाडलोट करते. दवाखान्यात नंबर लावायचं एक अ‍ॅप सरांनी मुलांना दिलं होतं. संध्याकाळपर्यंत त्यातल्या पाच चुका सापडल्या नाहीत, तर उद्याच्या परीक्षेला बसता येणार नव्हतं. दीक्षाला एकही सापडली नव्हती.

"कसं भरतेस, दाखव."

तिने नाव, वय, फोन सगळं नीट भरलं. अ‍ॅपने लगेच नंबर दिला.

"अगं, तू शहाण्या मुलीसारखं भरतेस. दवाखान्यात माझ्यासारख्याही येतात. सरक."

मी अक्षरं पंचावन्नाव्या वर्षी शिकले. फॉर्म भरताना अजून गोंधळ होतो. वयाच्या जागी मी फोन नंबर टाकला, अ‍ॅपने तो मुकाट्याने घेतला. माझी जन्मतारीख आईलाही ठाऊक नव्हती, ती रिकामी सोडली, तर पडदाच गोठला. पुन्हा सुरू करून भरलं. बटण दाबलं गेलं का कळेना, म्हणून परत दाबलं. दोन नंबर मिळाले.

"तीन! मावशी, अजून चुका ना!"

असं मला जन्मात कुणी म्हटलं नव्हतं.

"थांबा, आता मी माझे आजोबा होते," म्हणत तिने वय मराठी आकड्यांत टाकलं. अ‍ॅप अडलं. फोन नाही म्हटलं, तर पुढेच जाईना.

"पाच झाल्या की गं. ऊठ, जेव आता."

"जेवते. पण आजोबांना अजून नंबर कुठे मिळालाय?"