भृंगीचा तिसरा पाय

"तू हलायचं नाहीस. भिंतीवरची बाई कधी हलते का?"

शामलाताईंचा तेव्हाचा आवाज सुरुचीच्या कानात अजून तसाच होता. ती नऊ वर्षांची होती. आखातातल्या सलवा भागात चालणाऱ्या ताईंच्या नृत्यवर्गाचं गॅदरिंग, आणि दक्षिणेतल्या देवळांमधल्या भित्तिचित्रांवर बसवलेला नाच. चित्रातल्या पोरी एकेक करून जाग्या झाल्या, घुंगरू वाजवत पुढे आल्या. सुरुची तेवढी हातात पितळी दिवा धरून शेवटपर्यंत चित्रच राहिली.

आज त्याच ताई तिच्यासमोर प्लास्टिकच्या खुर्चीवर बसल्या होत्या, आणि सुरुची त्यांच्या हातांवर पांढऱ्या रंगाने हाडं काढत होती.

ताईंचा खुबा मोडला तेव्हापासून वर्ग सुरुचीचा झाला होता. शुक्रवारची दुपार. कार्यक्रमासाठी एका व्हिलाचं तळघर घेतलं होतं. पडद्यापलीकडे खुर्च्या सरकत होत्या, बाया एकमेकींना हाका मारत होत्या. रंगमंचाच्या मागच्या भिंतीवर फहाहीलच्या दुकानातून छापून आणलेला फ्लेक्स ताणला होता. देवळाच्या छतावरचं जुनं चित्र. मधे नाचणारा शंकर, भोवती मृदंग आणि झांजा घेतलेल्या, कमरेत लवलेल्या बायका. आणि अगदी कडेला, रंगाचे पोपडे उडालेल्या जागी, हाडांचा सापळा झालेला भृंगी ऋषी. त्याला तीन पाय.

ताईंना भृंगी व्हायचं होतं. तिसऱ्या पायाची काठी त्यांच्याकडे होतीच.

"टीचर, व्हाय थ्री लेग्ज?" झांजा घेऊन उभ्या असलेल्या ओवीने विचारलं.

"त्याने शंकराला प्रदक्षिणा घातली, पार्वतीला घातली नाही," सुरुची ब्रश न थांबवता म्हणाली. "म्हणून तिने त्याच्या अंगातलं रक्तमांस काढून घेतलं. उभं राहता येईना, तेव्हा शंकराने तिसरा पाय दिला."

"ओन्ली फॉर दॅट? दॅट्स सो मीन."

"जा, आपल्या जागेवर उभी राहा."

ताई हसल्या. त्यांची कातडी ब्रशखाली सायीसारखी सरकत होती. सुरुची ती डाव्या हाताने हलकेच ताणून धरायची आणि उजव्याने हाड ओढायची. दंड झाला, मनगट झालं, गळ्याखालचं हाड झालं.

"भृंगी म्हणजे देवांच्या नाचाचा गुरू," ताई म्हणाल्या. "तू बोलावलंस तेव्हा माझ्या लगेच लक्षात आलं, पोरीने मला गुरूचा मान दिलाय. माझ्या देवदत्तने त्याच्या हॉस्पिटलातली सगळी मंडळी आणलीत. म्हणाला, आईला बघा म्हणावं."

"गाल आत घ्या."

ताईंनी गाल आत ओढले. सुरुचीने तिथे काळं भरलं.

"काल तालमीला लोक काय खूश झाले गं. मी काठी टेकत आले, तर टाळ्या."

काल आलेल्या पालकांपैकी कुणीतरी त्याचा व्हिडिओ काढला होता. काठीची ठकठक आणि त्यावर हसण्याची लाट. रात्रीपर्यंत तो सगळ्यांच्या फोनवर फिरला होता. ताईंच्या फोनवर तेवढा कुणी पाठवला नव्हता.

"ताई, तुमचा तो भित्तिचित्रांचा नाच आठवतो? मी नऊ वर्षांची होते."

"न आठवायला काय झालं. किती गाजला तो."

"त्यात मी दिवा धरून उभी होते. पूर्ण वेळ."

"तू होतीस?" ताईंनी डोळे बारीक करून तिच्याकडे पाहिलं. मनापासून आठवायचा प्रयत्न केला. "असशील बाई. कुणाला तरी उभं करावंच लागतं. जिचे पाय तालात पडत नाहीत, तिला करायचं. बाकीच्यांचा नाच तरी नासत नाही."

ब्रश क्षणभर थांबला. मग पोलक्यावरच्या बरगडीवर गेला.

"पण बघ," ताई म्हणाल्या, "तूच उरलीस. बाकीच्या गेल्या कॅनडाला नि कुठे कुठे. माझी पोटची पोरगी मला म्हणते, आई, आता बस कर, लोकांत शोभत नाही. आणि तू मला परत घुंगरांत नेलंस." त्यांनी ओल्या रंगाची पर्वा न करता सुरुचीची हनुवटी धरली. "मला कधी कुणाचं तोंडावर कौतुक करता आलं नाही गं. पण तुझं मन फार मोठं."

सुरुचीच्या हनुवटीला पांढरं लागलं. तिने ते पुसलं नाही.

पलीकडे निवेदन सुरू झालं. पोरी पटापट चित्रात जाऊन उभ्या राहिल्या, कुणी कमरेत वाकली, कुणी टाच उचलली. सुरुचीने ताईंना दंडाला धरून उठवलं, कडेच्या जागेवर नेलं. काठी तिरकी टेकवली. ताईंनी उजवा हात वर केला, बोटं उमलली, मान कलली, आणि वाकलेली ती म्हातारी पाठ कुठून कोण जाणे ताठ झाली. त्यांचे डोळे ओले होते.

"बरी दिसते ना मी?" त्यांनी ओठ न हलवता विचारलं.

"दिसता."

विंगेतून ओवीच्या वडिलांनी पडद्याची दोरी धरली आणि सुरुचीकडे पाहिलं. तिने ओढा म्हणून मान हलवली. फट पडली. उजेडाची पट्टी आत आली, ताईंच्या पावलांवरून काठीवर चढली. पुढच्या रांगेतून एक हसू ऐकू आलं, दाबलेलं.

सुरुची निऱ्या सारख्या करायला वाकली होती. उठताना ती ताईंच्या कानाशी थांबली.

"ताई, काल टाळ्या नव्हत्या त्या. लोक तुम्हाला हसत होते," ती हळू, समजावल्यासारखी म्हणाली. "त्यांनी हसावं, म्हणूनच मी तुम्हाला इथे आणलं."