कुंभकर्णाचा गजर

पहिल्या वर्षाला आलेल्या पोराला हॉस्टेलमध्ये खोली मिळाली ती शेवटच्या वर्षाच्या सीनिअरबरोबर. सीनिअर म्हणजे साक्षात कुंभकर्ण! पहिल्या चाचणीत पोरगा दोन विषयांत आपटला, आणि नेमकी त्याच आठवड्यात या कुंभकर्णाला पहाटेचा गजर लावायची हुक्की आली. चार्जिंगची जागा पोराच्या उशाशी, म्हणून मोबाइलही तिथेच. गजर कोकलायचा, सीनिअर ढिम्म हलायचा नाही, मग पोरालाच उठून तो बंद करावा लागायचा. पुन्हा आडवं व्हावं, तर पलीकडच्या खाटेवर असं घोरणं सुरू व्हायचं, की झोपेची आशाच सोडावी. मनातल्या मनात शिव्या घालत पोरगा पुस्तक उघडून बसायचा. वर्षभर हेच.

शेवटचा पेपर देऊन तो खोलीवर आला, तेव्हा सीनिअर भरदुपारी गाढ झोपला होता. पंख्याची कुरकुर तेवढी ऐकू येत होती. पोरगा घाबरला. त्याने सीनिअरला गदागदा हलवलं.

"दादा, बरं आहे ना? आज घोरत नाही तुम्ही!"

सीनिअरने डोळेही न उघडता कूस बदलली.

"आता कशाला घोरू? तुझी परीक्षा संपली ना!"